घाट गिअरमध्येच उतरणारा जावई

"मामी, खाली बसा. सीट सोडा, पायात बसा," असं जावई माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, तेव्हाच मला कळलं की आता काही खरं नाही. मुलीच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून एक शब्द काढला नव्हता.

गाडीत सिमेंट भरलेलं होतं. आम्ही घाट निम्मा उतरलो होतो. जावई ब्रेकवर उभेच राहिले होते आणि तरी गाडी पळत होती. काहीतरी जळल्याचा वास केबिनमध्ये कोंडला होता. डाव्या हाताने ते गिअरचा दांडा ढकलत होते. दांडा करकर वाजत होता, बसत नव्हता. माझ्या बाजूला दरी, त्यांच्या बाजूला डोंगर, समोर वळण. मी सीटवरून खाली उतरले, गुडघे पोटाशी घेतले आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पदर कशाला ओढला, मला सांगता येणार नाही. जावई समोर असले की ओढायची सवय. मग त्यांनी स्टेअरिंग उजवीकडे, डोंगराच्या अंगाला ओढलं.

आमच्यात जावई सासूशी तोंडावर बोलत नाही. ही रीत आता पुष्कळ घरांतून गेली. सासू-जावई मोबाईलवर हसत-खिदळत बोलताना मी बघते. आमच्या जावयांनी मात्र ती सोडली नाही. मला मामी म्हणायचे, पण ते दुसऱ्या कुणाला तरी सांगताना. राहायचे माझ्याच घरी. बाहेरून आले की ओट्यावर बसायचे आणि नातीला म्हणायचे, "मामीला म्हणावं, साखर आणलीय." मी चुलीजवळून नातीला म्हणायचे, "सांग त्यांना, साखरेवाचून काय अडलं न्हवतं." दोघांमध्ये चार हातांचंही अंतर नसायचं. नात शाळेत गेलेली असली की ते शेळीला सांगायचे. "मामीच्या डोळ्याला पानी येतंय, नगरला दाखवाया पायजे," हे त्यांनी पहिल्यांदा शेळीला सांगितलं. आमच्या घरातलं सगळं त्या शेळीला ठाऊक होतं.

ते जन्माचे ड्रायव्हर नव्हते. आमच्या भागात पाऊस कमी, रानं आहेत पण पिकत नाहीत. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवऱ्याने तोडायचं, बायकोने मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत नेऊन टाकायच्या. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. माझी रूपाली आणि जावई दहा वर्षं असे जात होते. नात माझ्यापाशी असायची. सहा महिने आई असलेली आणि सहा महिने आई नसलेली, अशी ती वाढली.

एका वर्षी उसाच्या फडात रूपाली मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढत होती. फळी दवाने ओली होती. ती पाठीवर पडली आणि मोळी तिच्या अंगावर पडली. जावई धावत गेले. गाडीचा ड्रायव्हर झाडाखाली भाकरी खात बसला होता. तो उठला नाही. नुसता म्हणाला, "आटपा बरं, कारखान्यावर नंबर जाईल माझा." दुसऱ्या कुणाला त्या ड्रायव्हरचा राग आला असता. जावयांना हेवा वाटला. घरी आल्यावर भिंतीकडे बघून म्हणाले, "याच गाडीत एक मानूस सावलीत बसतंय अन् एक फळीवरनं पडतंय. आपण सावलीतलं मानूस व्हायला पायजे. मंग हिला फळीवर चढाया नगं."

तेव्हा त्यांचं वय तेहतीस. त्या वयात ते नगरच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली क्लिनर म्हणून राहिले. वीस वर्षांच्या पोरांनी करायचं काम. टायर बदलायचे, काच पुसायची, मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचं. त्या म्हाताऱ्याला ते उस्ताद म्हणायचे. दीड वर्ष त्यांनी उस्तादाचे कपडे धुतले आणि गाडी शिकली. मोठ्या गाडीचं लायसन काढलं. घरी आल्यावर उस्तादाची वाक्यं शेळीला ऐकवायचे. त्यातलं एक मला पाठ झालं. "जो गिअर चढाला, तोच गिअर उताराला. गाडीची अन् बायकोची मस्करी उतारावर करू न्हाई."

रूपाली म्हणायची, "अन् सपाटीवर?"

"सपाटीवर उस्ताद झोपतेत, म्या चालवतो," ते म्हणायचे. हे मात्र ते तिच्याकडे बघूनच म्हणायचे.

लायसन मिळाल्यावर नगरच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका ट्रान्सपोर्टवर त्यांना काम लागलं. तिथे सगळे त्यांना 'नवीन' म्हणायचे. वर्ष होऊन गेलं, त्यांच्यामागून आणखी तिघे आले, तरी नवीन हेच. त्याला कारण त्यांच्या चपला. केबिनमध्ये चढताना ते पायातल्या चपला खाली काढून ठेवायचे, देवळात शिरल्यासारखे. वर चढून स्टेअरिंगला हात लावून नमस्कार करायचे आणि अनवाणी निघून जायचे. चपला तिथेच राहायच्या. मालधक्क्यावरचे हमाल मागून ओरडायचे, "ओ नवीन, तुमची लक्ष्मी गेली, पादुका ऱ्हायल्या!" वर्षात चार जोड गेले. मी रूपालीला म्हटलं, "त्यांना म्हणावं, चपला गळ्यात बांधा." त्यांनी शेळीला उत्तर दिलं, "घरात कुनी चपला घालून येतं का?"

त्यांना जी गाडी मिळाली ती ट्रान्सपोर्टवरची सगळ्यात जुनी. मालकाचा नियमच तो. जुन्या माणसाला नवी गाडी, नव्या माणसाला जुनी. नवं माणूस गाडी ठोकतं, म्हणून जुनी ठोकलेली बरी, असा त्याचा हिशेब. शिकाऊ माणसाला खरं तर चांगली गाडी द्यायला पाहिजे. पण मला कोण विचारतो.

गावाला वाटायचं, ड्रायव्हर झाला म्हणजे खिसा गरम. शेजारीण म्हणाली, "मामी, तुमचं बरं हाय बाई आता. जावयाचा रोजचा खिसा गरम." मी म्हटलं, "गरम हाय खरा, इंजिनापाशी बसून बसून." पगार कसा मिळतो ते मला जावयांच्या शेळीशी झालेल्या बोलण्यातून कळलं होतं. महिन्याचा पगार थोडका. त्यावर खेपेला भत्ता, त्यातच वाटेतलं खाणंपिणं. आणि तिसरं म्हणजे ॲव्हरेज. लिटरमागे गाडी किती चालली पाहिजे, हे मालकाने ठरवलेलं. त्यापेक्षा डिझेल वाचलं तर त्यातला वाटा ड्रायव्हरला. जास्त लागलं तर पगारातून कापायचं. म्हातारी म्हैस चारा जास्त खाते आणि दूध कमी देते. त्याचा दंड गवळ्याने भरायचा, अशातला तो प्रकार.

दुसरे ड्रायव्हर ॲव्हरेज बसवायचे ते घाटात. वर चढलं की गाडी न्यूट्रल करायची आणि खाली सोडून द्यायची. गाडी आपल्या वजनाने पळते, डिझेल लागत नाही. जावई तसं करत नव्हते. उस्तादाने सांगितलं होतं ना. ते दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत-कुंथत उतरायचे आणि मागून येणारे हॉर्न मारून शिव्या द्यायचे. महिनाअखेर त्यांचा पगार कापलेला यायचा. एक पगार, तोही कापलेला, आणि त्याने दोन माणसांचा कोयता खाली ठेवायचा होता. पहिल्या वर्षी तो ठेवला गेला नाही. दसऱ्याला गाडी सोडून ते रूपालीबरोबर पुन्हा तोडीला गेले. मी विचारलं, नातीला मध्ये घालून, "पगार का कमी येतो?" ते भिंतीतल्या देवळीकडे बघून म्हणाले, "घाट लई हायेत या बाजूला."

ते वाईट बोलायचे नाहीत, दारू प्यायचे नाहीत. एवढ्यावर मी एखाद्याला चांगलं म्हणत नाही. बायकोला उन्हात सोडून सावलीत बसणारे न पिणारे पुरुष मी भरपूर पाहिलेत. जावई खेपेहून आले की आधी बसायचे नाहीत. पाण्याची घागर उचलायचे. रूपालीच्या पाठीत भरलं होतं, तिला वाकून उचलता येत नव्हतं. बोअरपासून घर दोन शेतं लांब. ड्रायव्हर डोक्यावर घागर घेऊन येतोय म्हणून बायका हसायच्या. "काय दाजी, आज गाडीला हौदा न्हाई का?" ते म्हणायचे, "न्यूट्रलमधी चाललोय." ही त्यांची एकच चेष्टा. मला तेव्हा तिचा अर्थ कळत नव्हता.

तोडीहून परत येऊन त्यांनी पुन्हा तीच गाडी धरली. या खेपेला मालकाला सरळ विचारलं, पक्कं कधी करणार? मालक म्हणाला, "लागोपाठ तीन महिने ॲव्हरेज बसव. नवी गाडी देतो, पगार पुरा देतो." नवी गाडी मिळाली असती तर कापाकापी थांबली असती आणि रूपालीला पुन्हा जावं लागलं नसतं. पावसाळ्यात त्यांना सोलापूर बाजूच्या खेपा मिळाल्या. तिकडे रस्ता सपाट. दोन महिने ॲव्हरेज बसलं. तिसऱ्या महिन्यात आमच्या बाजूचं सिमेंट आलं आणि पुन्हा घाट आला.

त्याच महिन्यात मुकादम घरी येऊन गेला. तो आमच्या भावकीतलाच. ओट्यावर पाय सोडून म्हणाला, "मामी, जावयाचं ड्रायव्हरकीचं येड काढा. कोयता घालायचा असंल तर सोमवारपत्तूर सांगा. मंग माझ्याकडं जागा न्हाई." रूपाली आतून सगळं ऐकत होती. तिने कोयता बाहेर काढला आणि दगडावर पाणी टाकून धार लावायला बसली. मला तिची वाकलेली पाठ दिसत होती.

त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. नगरला दवाखान्यात दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. डोळ्यावर हिरवा पडदा आणि हातात औषधाची पिशवी. मी एसटीने येणार होते. दवाखान्याच्या दारात जावई उभे. पानवाल्याला म्हणाले, "गाडी भरून उभी हाय. आपल्याच बाजूला चाललीय. मामी बसत असतील तर बसू द्या." पानवाल्याला काही कळेना. मी म्हटलं, "बसते म्हणावं."

मी पहिल्यांदाच त्यांच्या गाडीत बसले. त्यांनी माझ्या चपला खाली काढायला लावल्या आणि मी त्या हातात घेऊन बसले. त्यांच्या चपला मालधक्क्यावर राहिल्या होत्या, हे मला वाटेत दिसलं. केबिनमध्ये तिसरं माणूस नव्हतं, म्हणून ते काचेशी बोलत होते. काचेला त्यांनी सांगितलं की ब्रेकचे लायनर झिजलेत, मालकाला दोनदा बोललो, तो म्हणतो पुढच्या खेपेनंतर. काचेला सांगितलं की या महिन्यात आठवडाच राहिलाय आणि ॲव्हरेज थोडक्यात जातंय.

घाटाच्या वर एक चहाची टपरी आहे. तिथे थांबलो. त्यांच्याच ट्रान्सपोर्टचा दुसरा ड्रायव्हर तिथे चहा पीत होता. त्याच्याही गाडीत सिमेंटच होतं. मला बघून तो म्हणाला, "काय नवीन, सासूबाईंना देवदर्शनाला काढलं का काय?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्या," जावई म्हणाले.

"मंग बरंय. तुझी गाडी उतरताना बगवत न्हाई, एक डोळा झाकलेला बरा." तो हसला. "मर्दा, आज तरी मोकळी सोड. सासूबाईंसमोर पगार कापून घेतो व्हय?"

त्याने पेला ठेवला, गाडीत बसला आणि निघाला. पहिल्या वळणावर त्याच्या गाडीचा आवाज बंद झाला. दुसऱ्या वळणावर ती दिसली तेव्हा ती पाण्यासारखी चालली होती.

आम्ही निघालो. दुसरा गिअर. गाडी कण्हायला लागली. मी काचेला विचारलं, "त्यो गेला का खाली?"

"गेला," ते काचेला म्हणाले.

"मेला का?"

"न्हाई."

"रोज असाच जातो?"

"रोज."

"मंग तुमालाच काय झालंय?"

"उस्तादानं सांगितलंय."

"उस्ताद येणार हाय का फडात मोळ्या वाहायाला?" मी म्हटलं. मी अशीच बोलते. मला गोड बोलता आलं नाही कधी. "सोमवारी मुकादम येतोय. त्या दिशी तुमच्या बायकोनं कोयत्याला धार लावली, म्या बगितलं. सावलीतलं मानूस व्हायला निगाला हुता तुमी, अन् तिला पुन्हा फळीवर चढवनार. सगळी दुनिया येडी अन् तुमी एकटं शहाणं?"

एक वळण गेलं. दुसरं गेलं. मग सरळ उतार लागला. त्यांनी दांड्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि दांडा मधे आणला. आवाज बंद झाला. एवढी मोठी गाडी आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "आता कसं."

पुढचं मी सांगितलंच आहे. दोन-तीन वळणं ते ब्रेकवर उतरले. मग तो वास आला. मग पाय खाली गेला आणि गाडी थांबेना. गिअर टाकायला गेले तर तेवढ्या वेगात गिअर पडेना.

डोंगराला त्यांची बाजू लागली. दार, स्टेअरिंग आणि डोंगर एक झालं. गोण्या पुढे आल्या. मी सीटखाली होते. माझं मनगटाचं हाड मोडलं आणि कपाळ फुटलं. ऑपरेशनचा डोळा शाबूत राहिला, वरचा पडदा निघून पडला होता आणि त्या डोळ्याने मला सगळं स्वच्छ दिसत होतं. मागून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोवाल्याने माझं दार उघडून मला खाली ओढलं. रस्त्याच्या कडेला बसवलं, पाणी दिलं. मी ते पाणी प्याले. तहान लागली होती. माणसं जावयांच्या बाजूने आत बघत होती आणि कुणी घाई करत नव्हतं. त्यावरून मला कळलं.

त्यांनी स्टेअरिंग तिकडे मुद्दाम ओढलं का, हे मला माहीत नाही. डावीकडे दरी होती. दरीत गेलो असतो तर दोघंही गेलो असतो. कोणीही ड्रायव्हर डोंगरच धरेल, असं लोक म्हणतात. असेल. पण आधी मला खाली बसायला सांगण्यात त्यांचा एक श्वास गेला, तो त्यांना वापरता आला असता.

तासाभरात मालकाचा माणूस मोटारसायकलवर आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. "आजी, मालाच्या गाडीत मानूस बसवायला बंदी हाय. तुमी गाडीत हुता म्हणलं की सगळा दोष त्याच्यावर जाईल. मंग विमा न्हाई, भरपाई न्हाई. लेकीचं वाटोळं करू नका. तुमी गाडीत न्हवताच."

मी म्हटलं, "आन् ह्यांना?"

"त्यांना आमी आनतो."

त्याने केबिनमधून माझी औषधाची पिशवी काढली आणि माझ्या चपला काढल्या. एक जीप थांबवली. वाटेत एका डॉक्टरने टाके घातले, हाताला पट्टी बांधली. पायरीवरून पडले, असं मी सांगितलं. जीपवाल्याने मला घरी सोडलं तेव्हा रूपाली बाजरी खुडायला गेली होती. मी ओट्यावर बसून राहिले. शेळी बांधलेली होती. ऊन उतरल्यावर गावातली दोन माणसं आली. त्यांनी टोप्या काढल्या आणि मला सांगितलं, "मामी, जावयाच्या गाडीचा घाटात घात झाला." माझ्या शेजारी गेलेल्या माणसाची बातमी मला घरी येऊन सांगितली गेली आणि मी ती ऐकून घेतली. मी रडले. रडणं खरं होतं. तेव्हा रडायला सुरुवात केली, हे खोटं होतं.

तिसऱ्या दिवशी मी रूपालीला सांगितलं की मी त्या गाडीत होते. तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "शेवटाला काय म्हणाले?"

"मला खाली बसायला सांगितलं."

"कुनाला सांगितलं? काचेला?"

"न्हाई. मला. तोंडावर."

तेव्हा ती जशी रडली, तशी अंत्यविधीलाही रडली नव्हती. टपरीपासून पुढचं बोलणं मी तिला सांगितलं नाही.

दहाव्याला उस्ताद आले. वाळलेले, पांढऱ्या दाढीचे. तोपर्यंत मी त्यांना पाहिलं नव्हतं. ते पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन आधी गाडी बघून आले होते. ओट्यावर बसले आणि बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "दांडा न्यूट्रलमधी हुता, मामी. म्या स्वतः हात लावून बगितला. त्यो असं करनारा न्हवता. दीड वरीस माझ्याकडं ऱ्हायला, एक घाट त्यानं असा उतरला न्हाई. कुनीतरी नादाला लावलं त्याला. त्या ट्रान्सपोर्टवरच्या पोरांनीच लावलं असनार. माझ्या म्होरं आला त्यो, तर तोंड फोडीन."

मी चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. ते म्हणाले, "साखर लई हाय." मी म्हटलं, "व्हय, जास्त पडली." ते तेवढा चहा पिऊन गेले. पुन्हा आले नाहीत.

मुकादम सोमवारी आला नाही. सुतकाच्या घरी कसं यावं, म्हणून आला नाही. पण तसंही रूपाली आता अर्धा कोयता झाली होती.

पुढे विम्याचा एक माणूस चौकशीला आला. तरुण होता, पँटला धूळ लागू नये म्हणून खाटेवर रुमाल टाकून बसला. त्याने वही काढली आणि मला विचारलं, "आजी, जावई गाडी कशी चालवायचे? वेगात?"

मी म्हटलं, "घाट गिअरमधीच उतरायचे. त्यापायी पगार कापून घ्यायचे, पन गिअर सोडायचे न्हाईत."

त्याने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "अपघाताच्या वेळी गाडीत आणखी कुणी होतं?"

रूपाली दारात उभी होती. मी म्हटलं, "न्हाई."

दोन वर्षांनी भरपाई मिळाली. रूपालीने दोन गाई घेतल्या. ती तोडीला गेली नाही, पुन्हा जाणारही नाही. नातीला आता बारा महिने आई आहे. मिळायचं ते सगळं मिळून झालं. आता खरं सांगितल्याने कुणाचं काही जाईल असं मला वाटत नाही, आणि गेलं तरी मी सांगणार होते.

पंचनाम्यात लिहिलंय, गाडीत ड्रायव्हर एकटाच होता. तसं नव्हतं. आम्ही दोघं होतो. त्यांचं वय छत्तीस आणि माझं सदुसष्ट. ते गेले. मी वाचले.